बुरशीच निघू दे

सुगंधाबाईनं सूप टेबलावर ठेवलं आणि त्यावरचा दुपट्टा काढायच्या आधीच बजावलं, "बुरशीच असन पाहा म्याडम. नीट पाहा, बुरशीच असन."

चंद्रपूरच्या त्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, झाडपाला घेऊन येणारे पुष्कळ. पण बुरशी निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं माणूस तिथल्या सरितामॅडमनं पहिल्यांदाच पाहिलं.

दुपट्ट्याखाली बांबूची फांदी होती, पेरापेराशी टोचरे झुबके आलेली. मूल तालुक्यातल्या गावात सुगंधाबाईच्या परसात बांबूचं एक बेट होतं, सासूनं लावलेलं. त्याच्याच बांबूची ती सुपं-टोपल्या विणायची आणि त्यावरच तिचं घर चालायचं. शेजारणी म्हणत होत्या, बांबू फुलला. फुललेलं बेट वाळून जातं, हे झाडीपट्टीत शेंबडं पोरही सांगेल. कृषी सहायकानं मात्र फोटो पाहून म्हटलं होतं की बांबूला एक बुरशीही लागते, तिचेही असेच झुबके येतात, आणि तेवढ्या फांद्या तोडल्या की बेट वाचतं. त्या एका वाक्याच्या जोरावर बाई सकाळच्या एसटीत बसली होती.

सरितामॅडमनं पंखा बंद केला. त्या खोलीत वाऱ्याला मज्जाव. कपाटांत हजारो वाळलेली झाडं कागदावर टाके घालून बसवलेली, सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास, आणि शिंकायचीसुद्धा चोरी.

तिनं आधी बुरशीचं कपाट उघडलं. कागदी पुड्यांवर पुड्या. एका पुडीत सुगंधाबाईला ओळखीच्या रानअळंब्या दिसल्या.

"ह्या तं सात्या हाये! वाळवून काऊन ठेवल्या? खाल्ल्या नाई कोणी?"

"नमुन्याच्या आहेत बाई."

"नमुन्याले एक पुरते. इथी तं घरभराची भाजी होते."

मॅडमला हसू आलं. पुढच्या पुडीतून तिनं रोगट बांबूची जुनी फांदी काढून नव्या फांदीशेजारी ठेवली.

"असाच हाय!" सुगंधाबाई जवळजवळ ओरडली. "सेम टू सेम!"

"थांबा. ह्याच्यावर काळं पाहा, जळल्यावानी. तुमच्यावर ते नाही."

"येईन ना मंग. आता आता तं सुरू झालं."

मॅडमनं दुसरं कपाट उघडून बांबूचा गठ्ठा काढला. त्यात पानं होती, पेरं होती, कोंबाची साल होती, फक्त फूल नव्हतं. आणि फुलाशिवाय नमुना म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. बांबू फुलतो माणसाच्या जन्मात एखाद्या वेळी, तोही कुठे आणि कधी, ते कोणाला सांगत नाही. नोकरीला लागली तेव्हापासून मॅडम त्या फुलाची वाट पाहत होती, आणि आता निवृत्ती दाराशी आली होती. खरं सांगायचं तर तीही मनातल्या मनात काहीतरी मागत होती. फांदी एक आणि नवस दोन, तेही एकमेकांच्या मुळावर उठलेले.

तिनं झुबक्यातलं एक टोक भिंगाखाली धरलं आणि सुईनं फोलपट बाजूला केलं. आतून पिवळे तुरे लोंबत बाहेर आले.

"फूल!"

इतक्या मोठ्यानं ती त्या खोलीत कधीच बोलली नव्हती. मग तिची नजर सुगंधाबाईच्या तोंडाकडे गेली आणि तिला स्वतःच्या आनंदाची लाज वाटली.

"म्हंजे बेट जाते," सुगंधाबाई म्हणाली.

"आधी बी धरेल. मग..."

"समजलं."

सुगंधाबाई दुपट्ट्याची घडी घालत राहिली, मोडून पुन्हा घालत राहिली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "मले पाहू द्या."

तिनं भिंगाला डोळा लावला. एक डोळा मिटायला तिला जमेना, म्हणून तो हातानं झाकून धरला.

"अगं माय! सारी जिंदगी याले चिरलं, सोललं. पोटात असं पिवळं पिवळं हाय, मले मालूमच नव्हतं." डोळा न काढताच तिनं विचारलं, "बी पेरलं तं सुपाजोगा बांबू केवा होईन जी?"

"सात-आठ वर्षं तरी. जास्तच धरा."

"म्हंजे माह्या हातून नाई."

मॅडमनं फांदी हलकेच वर्तमानपत्राच्या घडीत ठेवली.

"सासूनं लावलं तवा," सुगंधाबाई भिंगापासून उठत म्हणाली, "तिनं तरी कुठी इचारलं होतं, केवा होईन म्हनून."

सुपात फांदीची गळालेली फोलपटं उरली होती. तिनं सूप उचललं आणि हाताच्या सवयीनं पाखडलं. फोलपटं उडाली ती थेट टेबलावर उघड्या पडलेल्या बांबूच्या जुन्या कागदांवर. एरवी मॅडमनं खोली डोक्यावर घेतली असती. आता तीही उठून सुपात वाकून पाहू लागली.

दाणा नव्हता.

"कोवळं आहे अजून," मॅडम म्हणाली. "उन्हाळ्यात धरेल. थोडं बी मला आणाल का बाई, इथं ठेवायला?"

सुगंधाबाईनं सूप काखेत मारलं.

"पयले पेरीन. उरलं तं तुमच्या कपाटाले."