सासूचा धूर

"बघा, बघा! मी काय म्हणत होतो? हा हिच्या आईच्या सिगारेटींचा धूर!"

राइनहोल्ड इतक्या मोठ्याने ओरडला की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. गाण्यांच्या रेकॉर्डी धुणाऱ्या यंत्राच्या नळीतून काळ्या चहासारखं पाणी खाली उतरत होतं. गेर्लिंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेकॉर्ड तिच्या आईचीच होती. आई गेल्यावर तिने ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती, आणि आज नवऱ्याबरोबर कासेलच्या या दुकानात येताना पिशवीत टाकली होती. यंत्र पारखायला तुमच्याकडची सर्वांत मळकी रेकॉर्ड द्या, असं दुकानाची मालकीण सिल्के म्हणाली आणि राइनहोल्डने नेमकी तीच पुढे सरकवली. मुद्दाम.

काउंटरवर तीन यंत्रं मांडली होती. एक म्हणजे नुसता टब, त्यात रेकॉर्ड उभी धरून हाताने फिरवायची. दुसरं हे, ब्रशने धुऊन मळकं पाणी शोषून घेणारं. तिसरं ध्वनिलहरींनी धुणारं, सर्वांत महाग. राइनहोल्डचा डोळा त्या तिसऱ्यावर होता. घरातल्या एकूण एक रेकॉर्डची खरखर घालवायची तर साधंसुधं यंत्र त्याला कसं चालेल?

ती खरखर! तिच्यापायी गेर्लिंडने काय काय सोसलं होतं. ती स्वतः लग्नाआधीच पश्चिम जर्मनीत आलेली, आई मात्र पूर्व जर्मनीत, माग्देबुर्गला अडकून पडलेली. एकोणनव्वद साली बर्लिनची भिंत पडली तेव्हा कुठे म्हातारी लेकीच्या गावात राहायला आली. रोज दुपारी घरी यायची, सिगारेट पेटवायची, गप्पा मारायची. महिन्याभरात राइनहोल्डने फर्मान काढलं. धुराने रेकॉर्डी खराब झाल्यात, ऐका ही खरखर, म्हातारी यापुढे बाल्कनीत बसेल. नाताळातसुद्धा बाल्कनीत! आत मेणबत्त्या, भाजलेला हंस, नातवंडांचा दंगा, आणि काचेबाहेर ती कोट घालून कुडकुडत बसलेली. तो कोट तिच्या हातात देणारी गेर्लिंडच. शेवटी आईच म्हणाली, "नको गं बाई. मी आले की तुझ्या नवऱ्याच्या गाण्याला खोकला होतो." मग तिने यायचंच बंद केलं. एकटीच मेली ती, आपल्या खोलीत.

सिल्केने आईची रेकॉर्ड पुसून लावली. जुनी नाचाची धून निघाली, अगदी लख्ख. एखाददुसरा खट्ट आवाज, बस्स. गेर्लिंड ऐकतच राहिली.

"धूर होय? धुतला की जातो," सिल्के सहज म्हणाली.

मग तिने राइनहोल्डने घरून आणलेली एक रेकॉर्ड धुतली. पाणी जवळजवळ स्वच्छच निघालं. पण सुई टेकली मात्र, गरम तेलात पाणी पडावं तशी चरचर सुरू झाली. सिल्केने ती पुन्हा धुतली, मग महागड्या यंत्रात घातली. चरचर जैसे थे.

"कुचकामी यंत्रं विकता तुम्ही!" राइनहोल्ड खेकसला.

"साहेब, ही ओली करून वाजवायचात का?"

"छे! मुळीच नाही."

"असं काय करतोस?" गेर्लिंड बापडी मदतच करायला गेली. "ती काचेची नळी होती ना, सुईच्या पुढेपुढे पाणी सोडत जाणारी? मग एकदा मोडली म्हणालास."

"मग झालं," सिल्के म्हणाली. "ओली रेकॉर्ड वाजवली की घाणीचा चिखल होतो, सुई तो खाचांच्या तळाशी दाबत जाते. वाळला की दगड. तो कुठल्याच यंत्राने पुरता निघत नाही. उगाच पैसे घालवू नका."

गेर्लिंडच्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे आईने काही केलंच नव्हतं! तू केलंस! आणि तिला कुत्र्यासारखं बाहेर बसवलंस!"

"हळू बोल गं. मला काय ठाऊक? तेव्हा सगळेच तसं वाजवायचे. मी काय जाणूनबुजून केलं?"

त्याचा चेहरा इतका उतरला की गेर्लिंडचा राग जरा ओसरला. होते चूक माणसाकडून. त्याला खरंच ठाऊक नसेल, तर आता या वयात किती भांडायचं? ती पिशवी उचलायला वाकलीसुद्धा. पण राइनहोल्डला गप्प बसवेना.

"आणि दोष कुणाचा?" तो सिल्केपुढे बोट नाचवत म्हणाला. "ती नळी याच दुकानातली! तुमच्या बापाने गळ्यात मारली. पुढे काय होईल याबद्दल चकार शब्द काढला नाही कधी!"

सिल्के ताडकन उठली.

"आत्ता ओळखलं तुम्हाला! हाच आवाज, हेच बोट. बाबांचं नाव काढू नका. सत्त्याऐंशी साल, माझा सातवा वाढदिवस. केक कापायचा राहिला, मी रडत होते, आणि तुम्ही इथेच उभं राहून माझ्या बाबांना शिव्या घालत होतात. या नळीने माझ्या सगळ्या रेकॉर्डी खरखरायला लागल्या, असं ओरडत होतात. बाबांनी हात जोडून माफी मागितली, पैसे परत दिले. सोयीस्कर विसरलात?"

राइनहोल्ड दाराकडे वळला. त्याने गेर्लिंडचा दंड धरला. "चल. घरी जाऊन बोलू."

गेर्लिंडने दंड सोडवून घेतला. 

"सत्त्याऐंशी साली भिंत उभी होती, राइनहोल्ड. आईने आपल्या घरात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं."