मागची सीट

दोन सीटच्या सायकलवर मागं बसलेल्या नानांनी आज पाय पेडलवर नुसते ठेवले, जोर लावलाच नाही. काचबिंदूनं डोळे नेल्यापासून आपण सगळ्यांचं ओझं झालोय, रविवारची ही सायकलवाली मंडळीही कीव करूनच फिरवतात, असं त्यांना वाटे. आज शेवटचं यायचं, हे त्यांनी घरीच ठरवलं होतं.

खिंडीच्या चढाला सायकल डुलली आणि थांबली. पुढं हँडल धरलेल्या शाहीनबाई खाली उतरल्या.

"नाना, पाय घरी विसरलात का?"

"दमलोय, बाई. आणि माझ्या जोरानं काय होतंय? ओढता तुम्हीच."

"मी?" बाई धापा टाकत हसल्या. "माझे गुडघे कधीच गेलेत. जन्मभर टपाल वाटलेले पाय मागं आहेत, म्हणून तर या चढाला येते. नाहीतर घरीच बसले असते."

बाकीच्या जोड्या घंटा वाजवत पुढं गेल्या. "शेवटी पोचेल त्यानं चहा पाजायचा, नाना," कुणीतरी ओरडलं.

नानांचा थकवा होता तिथंच होता. त्यांनी पायानं चाचपून पेडल शोधलं.

"बसा," ते म्हणाले. "आणि पुढच्या रविवारी लवकर निघू. उन्हात चढ जड जातो."