नाकाचं हाड

सांगलीतल्या एका दवाखान्यात विम्यासाठी पेशंटच्या आजाराचे कोड भरायचं काम स्वप्नाली करायची. कडेगावचा जयराज बायकोला घेऊन तिच्या खोलीत आला, तेव्हा राजेश्वरीचं नाक काळंनिळं पडलं होतं आणि तिनं तोंडाशी धरलेला पदर रक्तानं भिजला होता.

"जुनं सायनस हाय. नाकाचं हाड जन्मापासनं वाकडं," जयराज म्हणाला. "आजाराचाच कोड टाका."

एक्स-रेत तर हाड ताजं मोडलेलं दिसत होतं. स्वप्नालीनं हळूच विचारलं, "ताई, कुणी मारलं का?"

"न्हाई वं. ह्ये कशाला मारत्याल? सायनसच हाय." राजेश्वरीनं मान वर केली नाही.

स्वप्नालीचं मन मानेना. तिनं मारहाणीच्या जखमेचा कोड भरला आणि म्हणाली, "आता पोलिसांना कळवावं लागेल."

जयराजनं टेबलावरून झेप घेऊन तिचे केस धरले आणि तिचं तोंड दाणकन टेबलावर आपटलं. ती किंचाळली, तसं पुन्हा आपटलं. कीबोर्ड रक्तानं लाल झाला.

आरडाओरडा ऐकून माणसं धावली, पाठोपाठ हवालदार आले. तोवर जयराज हात झटकून बाजूला उभा होता. "बाई पाय घसरून टेबलावर पडल्या, साहेब. खोलीत आमी नवराबायकोच हुतो. इचारा हिला."

हवालदार राजेश्वरीकडे वळले. तिनं तोंडावरचा पदर काढला.

"ह्यानंच मारलं, साहेब. तिला आत्ता, आन् मला सकाळी."