खडूची भिंत

"ही भिंत समजायची," संस्कृती म्हणाली आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने खडूची जाड रेघ ओढली. "आज दुपारपर्यंत हिच्यातून कुणी जायचं नाही. बांधून झाल्यावर पाडण्यापेक्षा आजच कळलेलं बरं."

घरांचे नकाशे करणाऱ्या या मुलीची कामाची रीतच अशी होती. नकाशा कागदावर पटला, की तो ती घराच्या फरशीवर काढायची आणि घरच्यांना त्यात वावरायला लावायची.

सिडकोतलं कोपऱ्यावरचं रो-हाऊस. पुढे गाडी लावता यावी म्हणून हॉलची भिंत तीन फूट आत येणार होती. पुढचं दार जाणार, नवं दार बाजूच्या बोळातून. वर दोन खोल्या चढणार, त्यातली एक अप्पारावांची. अभयने वडिलांसाठी ती मुद्दाम मागून घेतली होती. भरपूर उजेड, वारा, स्वतंत्र बाथरूम. आणि दाराजवळचं पुस्तकांचं कपाटही वर जाणार होतं, कारण रेघ ओढल्यावर ते गाडीच्या जागेत आलं होतं.

अप्पाराव आठ दिवसांपासून एक वाक्य घोळवत होते. 'ते दार आणि कपाट आहे तिथंच राहिलं तर बरं.' पोरगा एवढा खर्च करतोय आणि म्हाताऱ्याने दारासाठी अडून बसायचं? शिवाय कपाटातली पुस्तकं म्हणजे काही मोठं वाचनालय नव्हे. गल्लीतली पाच-सहा माणसं नेतात, आणून देतात. त्यांनी वाक्यातलं 'बरं' काढून पाहिलं, 'दार' काढून पाहिलं. शेवटी काहीच उरेना, म्हणून ते गप्प बसले.

दहा वाजेपर्यंत अभयने ती भिंत चारदा ओलांडली. सुनेने, सरिताने, तर तिच्यातून केरसुणीच फिरवली आणि जीभ चावून रेघ पुन्हा गडद केली. पाळत होते ते एकटे अप्पाराव. फाटकातला पेपर आणायला ते मागच्या दाराने बाहेर पडले आणि बोळातून वळसा घालून आले.

"बाबा, एवढं काय मनावर घेता?" अभय हसला.

"भिंत आहे ना," अप्पाराव म्हणाले.

पुढच्या दारात काठी वाजली. पलीकडच्या गल्लीतल्या सारजाबाई. साठीत अक्षरओळख झाली आणि तेव्हापासून आठवड्याला एक पुस्तक संपवणाऱ्या.

"जय भीम अप्पा. घ्या तुमचं पुस्तक. लई रडवलं मेल्यानं."

"जय भीम." अप्पाराव रेघेपाशी येऊन थांबले. हात पुढे केला नाही. "बाई, जरा बोळातून या."

"काहून?"

"इथं भिंत आहे."

सारजाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग अभयकडे. "बरा हाय ना रे तुझा बाप?"

अभयला हसू आवरेना. त्याने सगळं समजावून सांगितलं. सारजाबाईंनी गाडीची जागा पाहिली, बोळाकडे मान वळवली.

"अन् कपाट?"

"वर जाणार आजी. बाबांच्या खोलीत."

"वर." त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "मंग माझं वाचन झालं म्हणा."

संस्कृती वहीत लिहायची थांबली होती.

"आजचं तरी द्या. का कपाटालाबी भिंत हाय?"

"कपाट तुमच्याच बाजूला आहे," अप्पाराव जागेवरूनच म्हणाले. "तिसरी फळी, डावीकडून चौथं. निळ्या पुठ्ठ्याचं."

सारजाबाईंनी पुस्तक काढलं, डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं आणि सवयीप्रमाणे दोन घोट पाण्यासाठी आत निघाल्या. पाय उचलत नव्हता. तो फरपटत आला, मागून लुगड्याचा काठ आला आणि रेघेचा मधला तुकडा पुसून गेला.

"आजी! भिंत पाडली ना तुम्ही," अभय म्हणाला.

"कच्चीच होती रे बाबा. ठेकेदार बदल."

पाणी पिऊन, पुस्तक काखेत धरून त्या आल्या तशाच परत गेल्या. काठीचा आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत अप्पाराव उभेच होते.

"बाबा, तुमचा हात सरळ आहे. तेवढी रेघ नीट करता?" अभयने खडू पुढे केला.

अप्पाराव गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. डाव्या टोकापासून त्यांनी रेघ गिरवायला घेतली. सावकाश, एकसारखी. पुसलेल्या जागेपाशी आल्यावर हात थांबला. उचलला. मग ते बसल्या बसल्या सरकत पलीकडे गेले आणि उजवीकडची रेघ भिंतीपर्यंत गिरवून काढली.

"मधलं राहिलं, बाबा."

अप्पारावांनी बोटांवरची भुकटी फुंकली. आठ दिवसांचं वाक्य घशापर्यंत आलं आणि पुन्हा खाली गेलं.

"राहू दे," ते म्हणाले. आणि खडू त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला.

अभय बघतच राहिला. हसू हळूहळू उतरलं. त्याने कपाटाकडे पाहिलं, मग वडिलांच्या खिशाकडे.

संस्कृतीने टेप काढला आणि मोकळ्या जागेवर धरला. "दोन फूट तीन इंच."

"एवढ्यातून माणूस जाईल का?" अभयने हळूच विचारलं.

अप्पाराव उठले. कपाटाची काच उघडीच राहिली होती. रेघेच्या दोन टोकांमधून, जरासे तिरके होऊन, कुठेही पाय न लागू देता ते पलीकडे गेले आणि त्यांनी ती लावून घेतली.