एक, तीन, पाच

दुसरीच्या वर्गाच्या दारात गणिताचे सर उभे होते. शिकवायचे ते मोठ्या शाळेत, दहावीला. इथे आले होते ते एका मुलीचे बाबा म्हणून. तिचं नाव या शाळेतून काढायचं, हे घरून ठरवूनच निघाले होते.

"बाई, अर्धं वर्ष सरलं," ते म्हणाले. "एक पाढा धड येत नाही. विचारावं तर म्हणते, आज आम्ही खेळलो. शिकवणार कधी तुम्ही?"

बाईंनी वाद घातला नाही. "आत्ता ती कामात आहे. तिचं होईपर्यंत बसा," म्हणत त्यांनी एक बुटकी खुर्ची पुढे केली. सरांचे गुडघे पार हनुवटीला आले.

समोर फरशीवर मुलगी लाकडाचे चौकोनी तुकडे मांडत होती. आधी एक लाल. त्याला दोन बाजूंनी लगटून तीन पिवळे. मोठा चौकोन झाला. त्याला तशीच पाच निळ्या तुकड्यांची किनार. आणखी मोठा चौकोन. मग हिरवे सात.

"असं लावायला कोणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"कोणी नाही. दर वेळी दोन जास्त घ्यायचे. चौकोन होतोच."

सरांनी तुकडे मोजले. एक, तीन, पाच, सात. एकपासून ओळीने विषम संख्यांची बेरीज, म्हणजे दर वेळी पूर्ण वर्ग. वर्षानुवर्षं त्यांनी हे सूत्र फळ्यावर लिहिलं होतं, सिद्ध करून दाखवलं होतं, पेपरात विचारलं होतं. ते असं दिसतं, हे मात्र आजवर पाहिलं नव्हतं. खुर्चीवरून आपण खाली कधी उतरलो, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"आणि पुढे?" आवाज बारीक झाला होता.

"पुढे नऊ."

"त्याच्या पुढे?"

मुलीने असं पाहिलं, जणू दुसरीत तेच होते. "पुढे चालूच, बाबा. थांबतच नाही ते."

तुकडे संपले. तिने खडू घेतला आणि फरशीवरच पुढची किनार आखायला लागली. मग त्याच्या पुढची. शेजारच्या मुलांनी आपापली कोडी उचलून जागा करून दिली. सर मांडी घालून बघत होते. कोणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती.

खडू त्यांच्या गुडघ्यापाशी येऊन थांबला.

"बाबा, सरक ना," ती म्हणाली. "तू पुढच्या चौकोनात बसलायस."