निरोगी नमुना

मूत्राशयाच्या दुखण्याने सून कित्येक वर्षं हैराण होती, पण प्रत्येक तपासणीत काहीच सापडायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, “मनाचे खेळ, दुसरं काय!” शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी लघवीतली प्रथिनं तपासायचं ठरवलं. तुलनेसाठी निरोगी बाईचाही नमुना हवा होता. “माझा घ्या की, मला काय धाड भरलीय!” सासूबाई म्हणाल्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं. या आजारात वाढणारी प्रथिनं सुनेच्या नमुन्यात सापडली होती. दुखणं खरं ठरलं, म्हणून तिला रडू फुटलं. मग डॉक्टर म्हणाल्या, “आजी, तीच प्रथिनं तुमच्याही नमुन्यात आहेत. तुम्हाला काही त्रास?” “छे! लघवी साठली की जीव जाईल अशी कळ येते, एवढंच. बाईच्या जातीला ते असायचंच.” “असं कुणी सांगितलं तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या. “माझ्या सासूबाईंनी,” त्या पुटपुटल्या.