रोबोटने फक्त ऐकायचं

"रोबोटने विचार करायचा नाही, फक्त सूचना पाळायच्या," संगणकाच्या तासाला बाईंनी बजावलं. डोळ्यांवर पट्टी बांधून मैथिली रोबोट म्हणून मैदानात उभी राहिली. सूचना देणार होती ऋतुजा. दोघींची महिन्याभरापासून कट्टी होती.

"सरळ चाल," ऋतुजा तुटकपणे म्हणाली. मैथिली चालू लागली.

तेवढ्यात समोरच्या दगडांमधून नाग निघाला. "साप, साप," मुलं ओरडली. बाई जागीच थिजल्या. मैथिली घाबरून पट्टी ओढू लागली.

"हलू नकोस," ऋतुजा कापऱ्या पण स्पष्ट आवाजात म्हणाली. "आहेस तशीच उभी राहा."

मैथिलीचे हात थांबले. नाग तिच्या पायांजवळून सरपटत कुंपणाबाहेर गेला.

"मैथू, काढ पट्टी."

पट्टी तशीच ठेवून मैथिलीने हात पुढे केले. "पाय हलत नाहीयेत गं. तूच ये."